आमेनच्या आधी

मंगळवारी सात वाजता, बार्न्सलीत,
चॅपलमागच्या खोलीत आम्ही सहा जण जमतो.
हीटर एकच. त्याच्याजवळची खुर्ची
थर्झाची, न सांगता ठरलेली.
आधी प्रार्थना, किटली उकळेपर्यंतचीच,
मग बिस्किटांचा डबा फिरतो, मग कागद.

थर्झा अकरा वर्षं एकच कादंबरी लिहितेय.
तिसऱ्या प्रकरणात नायिकेला विधवा केलं,
पुढं काय करायचं ते देवानं
अजून सांगितलं नाही, म्हणते.
तिचा स्वतःचा नवरा जाऊन किती वर्षं झाली
ते आम्ही मोजत नाही.
नोएल बस चालवतो,
ड्यूटीच्या तक्त्यामागं ओवीएवढ्या ओळी लिहितो,
आणि वाचताना ब्रेक लावल्यासारखा थांबतो.

मी रात्रपाळीची, वृद्धाश्रमातली.
चॅपलच्या अंकाला दर महिन्याला
दोनशे शब्दांचं चिंतन देते:
एक दुःख, एक पाखरू, शेवटी आमेन.
डब्याला झाकण लावावं तसं आमेन,
म्हणजे आतलं सांडत नाही.

काल सिरिल ऑल्डरॉइडनं वाचलं.
वय एक्याऐंशी. हात थरथरतात,
म्हणून कागद टेबलावर सपाट,
वर चष्म्याच्या घराचं वजन.
खाणीचं छत कोसळलं ती रात्र.
तो अलीकडे, ढिगाऱ्यापलीकडे वॉल्ट,
पाइपावर ठोकत होता,
मग ठोकेनासा झाला.
'मी प्रार्थना केली,' सिरिलनं वाचलं,
'आणि कुणी आलं नाही.'
कागद उलटून दाखवला. मागं कोरा.

अंक काढणाऱ्या मार्गरीबाई हळूच म्हणाल्या,
'शेवटी एखादी ओळ हवी, आशेची.'
सिरिल म्हणाला,
'मलाही हवी होती.'

बराच वेळ हीटरच तेवढा बोलला.
मग सिरिलनं मला विचारलं,
'तुमच्यात देवाशी बोलताना काय म्हणतात?'
'तू,' मी म्हणाले.
'पपा पाळक होते जालन्यात, त्यांना तुम्ही.
डॉक्टरांना तुम्ही, तलाठ्यालाही तुम्ही.
तू फक्त आईला, भांडायच्या मैत्रिणीला,
शेळीला, आणि देवाला.'
तो हसला, खोकला, पुन्हा हसला.
त्याची आजी म्हणे 'दी' म्हणायची:
खाणीतल्या घोड्याला, चुलीला, नवऱ्याला, प्रभूला.
मॅनेजरला मात्र 'यू'.
'आता यूच उरलंय,' तो म्हणाला,
'त्याच्याशी धड भांडता येत नाही.'

रात्री, नऊ नंबरच्या बाईंना कूस बदलून देऊन
औषधांच्या वहीशेजारी मी चिंतन काढून बसले.
आधी पाखरू खोडलं. रॉबिन होता,
जवळून कधी पाहिलेलाही नाही.
मग लिहिलं: तू आला नाहीस.
मराठीत सरळ उतरलं,
इंग्रजीत नेताना दारात बोट चेमटलं.

पपा आठवले. लग्नपत्रिकांच्या पाठीवर
प्रवचनाचे मुद्दे काढायचे, बारीक अक्षरात.
आईला माती दिल्यानंतरच्या रविवारीही
वेळेवर उभे राहिले,
आणि दुसऱ्या मुद्द्याशी थांबले, इतका वेळ
की पेटीवाल्यानं चुकून गीत सुरू केलं.
ती पत्रिका माझ्याकडे आहे.
दोन नंतर तीन लिहिलाय, व्यवस्थित.
थांबणं कुठंच लिहिलेलं नाही.

चार वाजता नऊ नंबरनं घंटा दाबली.
पाणी नको, गोळी नको, उशी नको.
'कुणी येतं का ते बघत होते,' म्हणाल्या.
मी खुर्ची ओढली. बसले.
कुणी म्हणून मी, एवढीच.

सकाळी घरी जाताना
मार्गरीबाईंच्या दारातून कागद आत सरकवला.
सत्तावीस शब्द कमी भरलेत.
आमेन घातलेलं नाही.
सांडलं, तर
तू पूस.