सपाट चमचा

साडेसहा महिन्यांची झाली त्या सोमवारी
खंडेराव मार्केटातून मी एकच रताळं आणलं.
"बस, एक ज?" भाजीवाली म्हणाली.
वजन केलं नाही तिने,
सवयीने वर चार मिरच्या मात्र टाकल्या.

उकडलं, चाळणीवर घासलं,
डब्यातल्या दुधात पातळ केलं.
जुईने पहिला घास जिभेने बाहेर लोटला,
हनुवटीवरून लाळेऱ्यावर, तिथून माझ्या मनगटावर.
आत किती गेलं?
बावीस वर्षं पतपेढीत वह्या लिहितेय,
पैशाला पैसा जुळल्याशिवाय उठत नाही जागेवरून.
इथे जमा कुठे धरायची?

सात वाजता : एकशे ऐंशी मिली. वीस उरलं.
साडेदहा : रताळं, दोन चमचे. एक फरशीवर.
दोन : एकशे ऐंशी. सगळं.
पाच : केळं. नुसतं चेहऱ्याला.

पावडर मात्र चुकत नाही माझी.
तीस मिलीला एक चमचा,
सुरीच्या पाठीने सपाट केलेला,
ना दाबून ना शीग लावून.
संस्थेतून आली तेव्हा तिच्याबरोबर
एक गुलाबी दुपटं होतं, अर्धा डबा, आणि फाईल.
फाईलमध्ये तिच्याविषयीचं सगळ्यात लांब वाक्य होतं :
दर तीन तासांनी एकशे वीस मिली, नंतर ढेकर काढणे.

जिन्यात तरलाबेन विचारतात, "बाटलीनुं ज?"
आणि लगेच स्वतःची जीभ चावतात.
दुसऱ्या दिवशी बाजरीची राब घेऊन दारात.
गूळ नको, म्हटलं, वर्षाची होऊ द्या.
तिसऱ्या दिवशी बिनगुळाची आणली,
चव घेऊन स्वतःच तोंड वाकडं केलं.

मकरंदला ऑफिसात कुणी सांगितलं,
बाटलीतच सत्त्व कालवा, रात्रभर झोपेल.
नाही.
दूध बाटलीने, खाणं चमच्याने.
झोपेचं आपण दोघं बघू.

अलकापुरीत डॉक्टर हर्षिदाबेनना मी वही दाखवली,
तारखा, बेरजा, लाल रेघा.
"ऑडिट नको मला," त्या म्हणाल्या.
"वर्षाची होईपर्यंत पोट दुधानेच भरायचं.
बाकीची आता नुसती ओळख.
दोन चमचे, तीन चमचे, दिवसातून दोनदा,
मग हळूहळू अर्धी वाटी. मीठ नको, साखर नको.
वजन छान वाढतंय.
आणि नेमकं किती, ते तिला विचारा."

तिला!
मी पर्स उघडली, बंद केली.
विचारायचं होतं ते वेगळंच होतं :
माझ्याकडे यायच्या आधीचे चार महिने
कुणी पाजलं, किती वाजता, पोट भरेपर्यंत का,
की डबा संपेपर्यंत?
आरंभीची शिल्लकच कोरी असेल
तर माणूस पुढचं खातं कसं लिहितो?
बाहेर पुढच्या पेशंटचं मूल रडत होतं.
मी फी दिली.

आज मुगाची डाळ, भाताबरोबर घोटलेली.
पहिला चमचा गेला. दुसराही.
तिसऱ्याला तिने अर्धा घेतला
आणि मान वळवली
खिडकीकडे, जिथे पाहण्यासारखं काही नव्हतं,
तरलाबेनचे वाळत घातलेले टॉवेल.
मी विमान केलं, चिमणी केली, आऽ केलं.
ओठ घट्ट.
चमचा हवेत तसाच.

मग कळलं, ही सांगतेय.
इतकं साधं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

उरलेलं मी खाल्लं. अळणी.
मीठ नसलं की मुगाला मुगाचीच चव लागते,
हे त्रेचाळिसाव्या वर्षी समजलं.

वही ओढली :
दुपारी एक. डाळभात, तीन चमचे.
अडीच तिने.
अर्धा आईने.

शाई वाळायच्या आत
तिने तिथेच डाळीचा हात ठेवला.