ही घटना कळवली जाईल

मंगळवारी, दुपारची झोप काढून,
पोर्तुगालची हद्द जिथून दिसते
त्या ग्रंथालयाच्या मागल्या खोलीत
आम्ही पाच म्हातारे, सहा संगणक.
सहावा सुरूच होत नाही,
त्याच्यावर टोप्या ठेवतो.

निएवेस शिकवते, बेकरीवाल्याची धाकटी.
म्हणते, ही प्रणाली फुकटही आहे, मोकळीही,
आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
मी मान डोलावली.

पासवर्ड टाकतोय तर पडद्यावर ठिपकासुद्धा उमटेना.
कीबोर्ड उलटा करून झटकला.
पावाचा चुरा पडला.
"दिसत नाही, पण ऐकतंय ते," ती म्हणाली.

पहिला हुकूम: फोल्डर कर. नाव ठेवलं 'बूच'.
एंटर.
काहीच नाही. पुन्हा तोच चौकोन, लुकलुकत.
काम झालं की हे बोलत नाही म्हणे,
चुकलं तरच तोंड उघडतं.
हे मात्र चटकन कळलं.
बुचाच्या ओकची साल अखंड सुटली की बाप गप्प असायचा;
कुऱ्हाड आतल्या जिवाला लागली, की मग बोलायचा.

चौथ्या आठवड्यात आगाऊपणा केला,
डोमिनोचा खेळ बसवायला गेलो आपल्याच मनानं.
उत्तर आलं: तुम्हाला अधिकार नाही.
ही घटना कळवली जाईल.

कोणाला, ते लिहिलं नव्हतं.

मी हात टेबलाखाली घेतले.
मालकाच्या रानातली पोतंभर ओकफळं,
तीही खाली पडलेली,
आणि कुणीतरी कळवलं होतं.
तिकोनी टोप्यांचे दोघे आले होते रात्री.
बाप तिसऱ्या दिवशी परतला
आणि सूप डाव्या हातानं प्यायला.

"कोणाला गं?" मी हळूच विचारलं.
निएवेस हसली, मग माझ्याकडे बघून थांबली.
"रूटला. म्हणजे मशीनच्या मुळाला.
इथे ते मूळ मी. घरच्या मशीनवर तुम्ही."

घरी, नातीनं टाकून दिलेल्या लॅपटॉपवर,
काल रात्री एक नवा वापरकर्ता केला: कासिमिरो.
बापाचं नाव.
त्याच्या नावानं आत शिरलो, नको तो हुकूम दिला.
अधिकार नाही. कळवली जाईल.
मग मूळ होऊन टपाल उघडलं.
आलं होतं पत्र, वेळेसकट:
कासिमिरोनं अकरा चाळीसला प्रयत्न केला.

वाचलं. पुसलं.
त्याचं नाव, अक्षरं दोनदा तपासून,
अधिकार असलेल्यांच्या यादीत घातलं.
एंटर.

काहीच उमटलं नाही.