निव्वळ वजन

लिएपायाच्या बंदरात मी वजनकाट्यावर बसते.
ट्रक रिकामा तोलायचा, मग भरलेला,
वजाबाकी करून चिठ्ठी फाडायची.
बर्चचं लाकूड, राई, भंगार लोखंड.
ड्रायव्हर सीटखालचं काही धरत नाहीत :
जॅक, दोरखंड,
सासूनं बळंच दिलेली बटाट्यांची पिशवी.
विचारलं तर म्हणतात, काही नाही हो बाई.
काटा धरतो.

रात्री मी ब्राउझर लिहिते.
नाव ज्विर्बुलिस, म्हणजे आमच्याकडची चिमणी.
नऊशे चाळीस किलोबाइट.
जुन्या फ्लॉपीत मावेल, वर एखाद्या पत्रापुरती जागा उरेल.
मजकूर दाखवतो, चित्रं दाखवतो,
तक्ते बहुतेक वेळा सरळ मांडतो.
व्हिडिओ नाही, जावास्क्रिप्ट नाही.
बँकेचं पान उघडलं तर पांढरंफटक,
तळाशी एकच ओळ : कृपया आधुनिक ब्राउझर वापरा.
बहीण विचारते, मग उपयोग काय याचा?
मी तिच्या कपात अजून चहा ओतते.

सुरुवात तालिवाल्दिसची.
तो ट्रामच्या डेपोत वायरमन,
शाळांनी टाकून दिलेले संगणक सायकलला बांधून घरी आणायचा.
म्हणायचा, यंत्रं म्हातारी झालेली नाहीत,
पानांनाच चरबी चढलीय.
परवाच्या मार्चमध्ये गेला. डेपोतच, हातमोजे हातात.
सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला असं धरून चाललो होतो,
तर सहा आठवड्यांनी त्याच्या बायकोला सापडला,
मासेमारीच्या परवान्यामागे, पेन्सिलीनं.
तेव्हापासून घर माझ्याकडे.
घर म्हणजे छप्पन्न हजार ओळी.

नोव्हेंबरात पोतोसीहून एक पॅच आला.
एउलोहिया चोके, डोंगरावरच्या शाळेत शिकवते.
अकरा संगणक, एकच अँटेना.
लिहिलं होतं : पान येईस्तोवर मुलं डबा खाऊन घेतात,
पण तुमच्या तक्त्यात शेवटचा रकाना पडद्याबाहेर जातो,
आणि नेमके गुण त्याच रकान्यात असतात.
म्हणून चारशे बारा ओळी काढल्या, साठ घातल्या.
चूक झाली असेल तर सांगा.

काढलेल्यांत त्याची ती ओळ होती,
दुसऱ्या कुणासाठी नाही, आमच्यासाठीच लिहिलेली टिप्पणी :
"इथे हात लावू नका.
हे का चालतं मलाही माहीत नाही. ता."

तीन रात्री मी चूक शोधली.
बाहेर समुद्र खिडकीवर वाळू मारत होता.
रेल्वेची वेळापत्रकं उघडली, भरती-ओहोटीचे तक्ते,
माझ्याच बंदराचे जहाजांचे दर.
सगळं सरळ.
डावीकडे एक पिक्सेल कलायचं, तेही गेलं.
त्या पिक्सेलला मी सतरा वर्षं ओळखत होते.
चूक सापडावी असं इतकं कधीच वाटलं नव्हतं.

चौथ्या रात्री पॅच घेतला.
ज्विर्बुलिस अकरा किलोबाइटनी हलका झाला.
टिप्पणी मात्र मी परत ठेवली,
तिच्या साठ ओळींच्या डोक्यावर, होती तशी.

आठवड्यानं तिचं पत्र :
मुलांना गुण दिसले, दोघं रडली.
आणि एक शंका. वरची ती सूचना आता खोटी आहे ना?
हे का चालतं ते मला माहीत आहे.
हवं तर वहीवर काढून दाखवते.
काढून टाकू का ती ओळ?

मी उत्तर लिहिलं : राहू दे.
कंपायलर टिप्पणी वाचतच नाही,
तयार प्रोग्रॅममध्ये तिचं वजन शून्य.

हे खरं आहे. मोजूनही पाहिलं.

सकाळी काट्यावर पहिला ट्रक चढला,
राईचा, नवा पोरगा, काच खाली करून हसला.
सीटखाली काही?
काही नाही हो बाई, म्हणाला.
मी आकडा थांबायची वाट पाहत बसले.