जुडगा

पूर्णगडच्या पुलाअलीकडे, बर्फाच्या कारखान्यासमोर
कुमुदताई डोर्लेकरांची ओम्नी उभी राहिली ती उभीच.
"स्टार्टवर किल्ली धरून ठेवली की बोलते रे, नझीर,
हात सोडला की गप्प."
कोणी म्हणालं कॉइल गेली, कोणी म्हणालं पेट्रोलमध्ये पाणी,
बर्फवाल्या पोरांनी दोनदा ढकलूनही पाहिलं.

मी ढकलणाऱ्यांतला नाही.
बॅटरीवर मीटर लावला. साडेबारा, वर एक पॉइंट.
खारं वारं खाऊन टर्मिनलवर हिरवट फुलोरा आला होता,
तो गरम पाण्याने उतरवला. फरक शून्य.
फ्यूज एकेक काढून उजेडाला धरले. सगळे साबूत.
मग स्टिअरिंगखालचं झाकण सोडवलं,
दोन स्क्रू लाल मातीत पडले, एक सापडला.

पाठीवर आडवा, पाय दाराबाहेर, डोकं पेडलांपाशी,
ताई पलीकडच्या सीटवरून किल्लीवर हात ठेवून.
पांढऱ्या जाड वायरीत सुई सारली:
दिवा लख्ख. बॅटरीकडून येणं व्यवस्थित.
काळ्यावर पांढरा पट्टा आहे तिच्यात सारली. "ऑन करा."
दिवा लागला, थरथरला, गेला.
"स्टार्ट द्या." लख्ख.
"सोडा."
काळोख.
म्हणजे येणं आहे, जाणं नाही.

तसाच पडून राहिलो थोडा वेळ.
नाकासमोर जुडगा लोंबत होता.
ओम्नीची किल्ली एक, आणि तिच्या गळ्यात
बावीस-तेवीस, पितळी, लोखंडी, गंजलेल्या,
एकीला लाल सुतळी, एकीला औषधाच्या बाटलीचं बूच,
कड्यात कडं, त्यात आणखी एक कडं.
अर्धा किलो तरी भरला असता.

उगाच खालून पंजा लावला. जुडगा उचलला.
दिवा लागला.
हात काढला. गेला.
पुन्हा उचलला.

"ताई, कॉइल नाही, काही नाही.
स्विचच्या आतली पट्टी एका अंगाने झिजली.
किती वर्षं लोंबतंय हे?"
"बारा," त्या म्हणाल्या. "आधी चारच होत्या."

मी स्विच खोलून बसलो, पॉलिश पेपरने काजळी घासत,
त्या नखाने कडी उघडत.
ही बोरिवलीच्या डॉक्टरांची, मे महिन्यात आठ दिवस.
ह्या दोन जावांच्या, घर एक, दारं वेगळी.
हे तर विकलंसुद्धा, किल्ली कोणी परत मागितली नाही.
"खिडक्या उघडायच्या, पंखे फिरवायचे,
मोबाईलवर फोटो पाठवायचा, वाळवी नाही म्हणून.
गाडीतून उतरताना घराची किल्ली हातातच असते,
सोपं पडतं."

त्या ढिगात एक ओळखीची दिसली,
दांडीवर कानशीचा ओरखडा. तो माझाच हात.
धाकट्याच्या घराची.
कुवेतला गेला त्या दिवशी त्याची रिक्षा
माझ्या दुकानावरून गेली, थांबली नाही.
मी काही बोललो नाही. त्याही नाहीत.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळ्या टाकून झाल्या
तेव्हा ती एक अजून मांडीवर होती.
मग तीही टाकली.

गाडी सुरू झाली. हात सोडला तरी चालू राहिली.
"आजचं हे तात्पुरतं आहे," मी म्हटलं,
"नवा स्विच उद्याच्या एसटीने रत्नागिरीहून येईल.
किल्ली मात्र एकटीच लावायची."
पुलाच्या चढावर डब्याचा खुळखुळाट
इथवर ऐकू येत होता, इंजिनाहून जास्त.

धाकट्याच्या खिडक्या कोणत्या वारी उघडता,
उद्या विचारीन.
किंवा नाही.

दुसरा स्क्रू संध्याकाळी सापडला.
माझ्याच चपलेत होता.