एकाच इसमाची नावे

नोटरी म्हणाला, सगळी नावं लिहा,
एकही सोडू नका, मागून कटकट होते.

सात रस्त्याजवळ, झेरॉक्सच्या दुकानात,
पंख्याखाली फडफडणारा स्टॅम्पपेपर कोपराने दाबून
मी आजोबांची नावं लिहायला घेतली.
बंद गिरणीची थकबाकी, अकरा हजार सातशे,
त्यासाठी.

बाप्तिस्म्याच्या वहीत विल्यम.
हजेरीपटावर विलियम सत्वा.
रेशनकार्डावर इलियम.
फंडाच्या कागदावर विल्लम, कारण तिथला कारकून तेलुगू,
त्याला एक ल पुरत नसे.
वीजबिलावर आजतागायत व्हिलीअन.
आडनाव रणपिसे, ते मात्र कुणी मोडलं नाही.

साखर पेठेतले मागवाले त्यांना इल्लमय्या म्हणत,
अक्कलकोटकडची भाजीवाली विल्लप्पा,
आणि आजी ख्रिस्ती होऊनही
नवऱ्याचं नाव घेत नसे. ती म्हणे, "अहो, ते."
"हेही लिहू?"
नोटरी हसला नाही.

नाव पाद्रीसाहेबाच्या मेलेल्या भावाचं.
पणजोबांनी अर्थ विचारला नाही.
मानमोडीच्या साली जगलेलं पोर,
त्याला जे ठेवतील ते चांगलं.

अर्थ मी शोधला, आजोबा गेल्यावर नऊ वर्षांनी.
विला म्हणजे इच्छा. हेल्म म्हणजे शिरस्त्राण.
जर्मन टोळ्यांत म्हणे दोन शब्द घेऊन
त्यांची गाठ मारायची रीत होती,
संपलेल्या ताण्याच्या टोकांना नवा ताणा सांधतात तशी,
दोऱ्याला दोरा,
दोन्ही मिळून काय होतं ते कुणी बघत नसे.

मग ते नाव चालत सुटलं.
फ्रान्सात त्याच्या व चा ग झाला,
शिरस्त्राण झिजून ओठांवरचा नुसता म उरला, गियोम.
इटलीत गुल्येल्मो. स्पेनमध्ये गियेर्मो. चेकांकडे विलेम.
कुणी सरदार ते घेऊन खाडीपलीकडे गेला, जिंकला,
आणि काही पिढ्यांत तिथले हरलेल्यांचे नातू
आपल्या पोरांना जिंकणाऱ्याचं नाव ठेवू लागले.
मला नवल वाटलं नाही.

शिरस्त्राण आजोबांकडे नव्हतं. टॉवेल होता,
दुय्यम मालातला, कडा उसवलेला.
धोटा उडून शेजारच्या बसलिंगचा डोळा गेला
त्या दिवसापासून ते तो दुहेरी गुंडाळत,
घट्ट, कपाळावर वळ उठेपर्यंत.
पाळी सुटल्यावर गल्लीच्या तोंडाशी दिसत
तेव्हा डोक्यावर कापसाचं तूस उभं असे,
पांढरं, वाऱ्याला हलणारं.
मी लहान होते, मला ती पिसं वाटत.

आणि इच्छा?
एकदाच बोलले, गिरणी बंद झाल्यावर,
शेंगांची चटणी भाकरीवर घेत:
आता तरी कानातला धोटा थांबावा.
तो थांबला नाही. पहाटे भोंग्याच्या वेळी उठून
ते खाटेवर बसून राहत,
भोंगा नसताना.

नोटरीने कागद ओढून घेतला, मोठ्याने वाचला:
वर नमूद केलेली सर्व नावे एकाच इसमाची असून
शेवटच्या ओळीशी अडखळला.
"गियोम? हे कोण?"
"तेच."
"कुठल्या कार्डावर आहे?"
कुठल्याच नाही, म्हटलं.
त्याने सरळ रेघ मारली. खाडाखोडीपाशी सही करा.

मी सही केली.
शाई वाळायची होती,
बाहेर रिक्षांच्या रांगेतून कुणी ओरडलं,
"ए विल्या, चल बे!"
विलास असेल.
मान वळलीच माझी.