बाण

सिनेमात माझं काम एवढंच : बाण हलवणं.
नव्वद मिनिटं एका मुलीचा लॅपटॉप दिसतो,
आणि त्यातच तिचं मरण.
तिचा चेहरा कोपऱ्यात, काडेपेटीएवढा.
बाकी सगळं अंग बाणाचं.

तार्मो दिग्दर्शक. पहिल्याच दिवशी म्हणाला,
"मर्ये, बाण घाबरला पाहिजे."
मी हसले. मग तीन आठवडे
बाणाला घाबरायला शिकवत बसले.
पळणारा बाण घाबरलेला दिसत नाही,
नुसता घाईत दिसतो.
घाबरलेला बाण नीट चालत जातो फाइलपर्यंत
आणि तिच्या नावाला न शिवता
बोटभर अलीकडे उभा राहतो,
परक्याच्या दारात उभं राहावं तसा,
बूट काढू की नको.

अक्षरांचंही तेच.
"तू कोण आहेस" असं लिहून पाठवलं
तर लोक खुर्चीत रेलून बसतात.
"तू को" एवढंच लिहायचं. पुसायचं.
"बरं" लिहायचं. तेही पुसायचं.
पाठवायचं काहीच नाही.
आमच्या सिनेमातलं खोडलेलं सगळं गोळा केलं
तर संवादांच्या दुप्पट भरेल,
आणि ते कुणाच्याच नावावर नाही.

तार्तूत नोव्हेंबरात साडेतीनला अंधार पडतो.
बटणांच्या जुन्या कारखान्याचा दुसरा मजला,
खोकणारा रेडिएटर,
खाली ज्येष्ठांचा नाचाचा वर्ग.
त्यांना त्रास नको म्हणून पिर्यो
कपाटात, गोधड्यांच्या मधे बसून किंचाळायची.
सहा वेळा किंचाळली, मग घड्याळ बघून निघाली :
संध्याकाळी तिचा गुरांच्या डॉक्टरीचा पेपर होता.

शेवटच्या आठवड्यात पैसे संपले
आणि मेलेल्या बाईचा कॉल अजून व्हायचा होता.
तार्मो म्हणाला, "कुणाकडे काही आहे का,
हललेलं, बिनकामाचं,
नटाला सांगून जमणार नाही असं?"

माझ्याकडे होतं.

आईला फोन धरता आला नाही कधी.
एक्केचाळीस सेकंद :
छत. दिवा. दिव्याच्या वाटीत मेलेल्या माश्या.
मग अंगठा, कडेनं लाल उजळलेला, अख्ख्या पडद्यावर.
"दिसतेय का मी? मर्ये? ऐकू येतंय?"
मग पुन्हा छत,
आणि लांब जाणारी पावलं.

आवाज थोडा खाली उतरवला, थोडा सावकाश केला.
बाकी कशाला हात लावला नाही.
तसंही, मेलेल्यांना बोलावणारे
मेणबत्तीभोवती बसून हेच विचारतात,
आणि आम्ही सगळे रोज, कॉल लागला की :
ऐकू येतंय का? आहे का कुणी?

पहिल्या खेळाला त्रेसष्ट माणसं.
छत आलं आणि पॉपकॉर्नचा आवाज थांबला.
अंगठा आला तेव्हा पुढच्या रांगेतला एक दांडगा पोरगा
मैत्रिणीच्या मांडीवर चढला जवळजवळ.
पावलं लांब जाऊ लागली
आणि मागून कुणीतरी म्हणालं, नको, नको.

मी एकटीच सावरून बसले होते.
मला माहीत होतं ती कुठे चाललीय.
चुलीवर बटाटे होते. बघायला गेली होती.

श्रेयनामावलीत काय लिहू, तार्मोनं विचारलं होतं.
मी म्हटलं, छत आणि अंगठा : लेइदा.
त्याला ती गंमत वाटली. राहू दिलं.

थिएटरात दिवे लागले, लोक हसत बाहेर पडले,
भ्यालेली माणसं हसतात तसे.
मी कोट शोधत राहिले.

कॉल कापायचं बटण तिला सापडायचं नाही,
म्हणून फोन तसाच ओट्यावर टाकून जायची ती
आणि परत यायची. दरवेळी यायची,
"आहेस का अजून?" विचारत.

एक्केचाळिसाव्या सेकंदाला कॉल मी कापला.
कुठेतरी जायचं होतं. कुठे, ते आठवत नाही.
त्या दिवशी माझा बाण
सरळ गेला लाल बटणावर.
बोटभर अलीकडे थांबलासुद्धा नाही.