झे. बदली खेळाडू

बातम्यांच्या शेवटी, हवामानाच्या आधी,
निवेदिकेनं चौदा नावं सरळ वाचली,
पंधराव्याला अडखळली. दु-धा-णे.
त्या रात्री दांडिया बाजारात
शेव-उसळवाल्यानं जादा तर्रीचे पैसे घेतले नाहीत.

पद्या आमच्या गल्लीतला. डावखुरा फिरकी,
मोतीबागेत मॅटवर वाढलेला,
बोटाच्या पेराला कायम जखम, तिच्यावर हळद.
त्याच्या वडलांनी, बँकेत कॅशियर,
पेपरातली यादी कापून दोनदा मोजली.
"पंधराच आहेत," म्हणाले. "पंधराच."

मी तेव्हा टीव्ही दुरुस्त करायचो.
वर्गणी निघाली, रंगीत सेट आला,
फणसेकाकूंच्या ओट्यावर पाट मांडून बसवला,
आणि मी गच्चीवर. माझी जागा तीच:
अँटेनाचा दांडा दोन्ही हातांत,
तोंड टॉवरकडे, कान खाली.
"आलं?"
"मुंग्या!"
"आता?"
"थोडं डावीकडे, बस, बस, अरे सोडू नकोस!"
सोडलं की चित्र जायचं.
गल्लीनं पाहिलेली एकही मॅच मी पाहिलेली नाही.

पहिल्या सामन्यात पाण्याच्या गाडीमागे एक कोपर.
काकू म्हणाल्या, त्याचंच, लहानपणी तेल लावलंय मी.
दुसऱ्यात हातमोजे घेऊन धावताना,
पाठमोरा, चार सेकंद.
हिंदीवाला म्हणाला, "और ये खिलाड़ी…"
तेवढ्यात त्याची पाळी संपली,
इंग्रजीवाला आला, त्याला खेळपट्टीबद्दल बोलायचं होतं.
तिसऱ्यात तेवढंही नाही.
निवड होणं म्हणजे काय ते गल्ली हळूहळू शिकत होती.

चौथ्यात कुणाच्या तरी मांडीचा स्नायू आखडला.
"पद्या आत! पद्या आत गेला!"
दुपारचे दोन. दांडा तापलेला,
तळहात सुटू बघत होते.
फटका उंच गेला हे मला
खालच्या शांततेवरून कळलं.
शांतता संपेचना.
मी विचारलं, "आलं?"

पडद्यावर पाटी होती: रुकावट के लिए खेद है.
मागे सतार.
पाटी गेली, धुण्याची पावडर आली,
पावडर गेली तेव्हा नवा फलंदाज गार्ड घेत होता.
रीप्ले दाखवला नाही.
गल्लीतली सगळी डोकी वर, माझ्याकडे.
मी हललो नव्हतो. आईशप्पथ, हललो नव्हतो.

सकाळी पेपरात धावफलक: झे. बदली खेळाडू.
वडलांनी तोही कापला. मोजण्यासारखं काही नव्हतं.
पाचव्या सामन्याला स्नायू बरा झाला,
आणि पुढच्या मालिकेची यादी निवेदिकेनं
कुठेही न अडखळता वाचली.

त्यानंतर झेल वाढत गेला.
काकूंच्या मते उजवीकडे सूर मारून.
शेववाल्याच्या मते एका हातानं, दोरीला पाठ लावून.
धाकटा दिघे तेव्हा जन्मलाही नव्हता,
तो सांगतो कोपर कसं सोलवटलं.
पद्याला विचारलं की म्हणतो,
"सोपा होता रे. पोटात आला."
इतक्या सोप्यावर गल्लीचा विश्वास नाही.

आता तो चौदा वर्षांखालची पोरं निवडतो.
परवा मी मैदानावर होतो, स्कोअरबोर्डची वायर उंदरांनी खाल्लेली.
पॅव्हेलियनच्या पायरीवर बसून तो यादी करत होता,
चष्मा कपाळावर, वही मांडीवर.
चौदा नावं झाली. पेन थांबलं.
जाळ्यापाशी एक किडकिडीत पोरगा
दुसऱ्याचं पॅड बांधून देत होता.

"बाळ्या," माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं,
"तेव्हा तू हलला होतास का?"

पंचवीस वर्षं. माझे हात वायरीत.
"नाही," म्हणालो.
"बरं," म्हणाला,
आणि पोराचं नाव लिहिलं,
बापाच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण.